सांधा

फळी कोणालाही तासता येते. सुताराची परीक्षा सांध्यात होते. चलच्चित्रांचेही तसेच आहे. दोन दृश्ये नुसती एकापुढे एक ठेवली की तो ‘कट’. पहिले विरत असता त्यातूनच दुसरे उमटत आले की तो ‘डिझॉल्व्ह’. कट म्हणतो, ‘आता हे पाहा’. डिझॉल्व्ह म्हणतो, ‘मध्ये काळ गेला’.

हा दुसरा सांधा पूर्वी फार कष्टाचा असे. मूकपटांच्या काळी छायाचित्रकार कॅमेऱ्याची झडप हळूहळू मिटीत एक दृश्य काळोखात नेई, फिल्म मोजून तेवढीच मागे गुंडाळी, आणि त्याच पट्टीवर झडप उघडीत दुसरे दृश्य घेई. मोजणी चुकली तर दोन्ही दृश्ये वाया जात. फ्रान्सचा मेलिएस सांगे की, पॅरिसच्या ऑपेरापुढील चौकात चित्रण करीत असता त्याचा कॅमेरा क्षणभर अडकला आणि पडद्यावर प्रवासी गाडीची एकाएकी शववाहिका झाली; त्या बिघाडातच त्याला आपली युक्ती सापडली. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणण्यापूर्वी एकेक फ्रेम घेऊन वाटाण्याच्या अंकुराची वाढ दाखविणारे छोटे चित्र केले होते. या मंडळींचा धीर आम्हांस नुकताच फार उपयोगी पडला.

पुणे-दौंड लोहमार्गावरील केडगाव बाहेरच्यांस पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमुळे ठाऊक असते. परंतु स्टेशनापासून थोडे आत शिरले की ते उसाचे व गुऱ्हाळांचे गाव आहे. दोन हंगामांपूर्वी आमच्या भाच्याने तेथील एका वृद्ध गुळव्याचे काम मोबाइलवर टिपले होते. पाकाचा थेंब पाण्यात टाकून आबा त्याची गोळी बोटांनी चेपतात, मान वर करून पाहतात, आणि तेवढ्यात मोबाइलची साठवण भरून चित्रण तुटते. पुढे पावसाळ्यात आबा वारले. वर्षश्राद्धाला घरच्यांपुरती सात मिनिटांची चित्रफीत करावयाचे ठरले. आबांच्या या दृश्यातून त्याच काहिलीपाशी उभा असलेला त्यांचा मुलगा उमटावा, अशी योजना होती.

सांधा काही केल्या बसेना. कधी चित्र झटके खाई, कधी मध्येच काळे चमकून जाई, आणि प्रत्येक वेळी अखेरीस आबांचा चेहरा पुतळ्यासारखा थिजे. काहिलीवरची वाफसुद्धा अधांतरी थांबे. “मामा, लॅपटॉपच बदलावा लागेल,” भाचा म्हणाला. आमचा पिंड शिक्षकाचा. उत्तर जमेना तर पाटी बदलण्यापूर्वी आम्ही गणित पुन्हा मांडून पाहतो.

पहिला प्रश्न असा की, दोष चित्रात आहे की नुसत्या दिसण्यात? तेवढा भाग एक्स्पोर्ट करून दुसऱ्या यंत्रावर पाहिला, तो झटके पुष्कळ कमी झालेले. मोबाइल प्रत्येक चित्र पूर्णपणे साठवीत नाही; मधूनमधून एक पूर्ण चित्र ठेवतो आणि पुढे केवळ झालेला फरक नोंदवितो. डिझॉल्व्हच्या वेळी अशा दोन धारा एकदम उलगडाव्या लागतात, आणि काम चालू असता लॅपटॉपला धाप लागते. उरलेल्या झटक्यांचे मूळ चुलाणाच्या अंधुक उजेडात निघाले. मोबाइल दर सेकंदास ठराविक फ्रेम घेतोच असे नाही. उजेड कमी झाला की तो गती मंद करू शकतो. दोन्ही क्लिपा सेकंदास २५ फ्रेम अशा स्थिर गतीत आणल्या आणि झटके मिटले. रेंडरच्या जुन्या तात्पुरत्या फाइली पुसून नव्याने रेंडर केले, तेव्हा काळी चमकही गेली.

थिजणे मात्र तसेच राहिले. त्याचे कारण सुतारास चटकन कळले असते. सांध्यासाठी दिसते त्याहून थोडी अधिक लांबी लागते. एक सेकंदाचा डिझॉल्व्ह कटच्या मध्यावर बसविला की सुमारे १२ फ्रेम आबांच्या दृश्याच्या शेवटापलीकडून हव्यात. आणि त्या जगात कोठेच नव्हत्या. सॉफ्टवेअर बिचारे शेवटचीच फ्रेम पुन्हा पुन्हा दाखवून वेळ भरून काढीत होते.

आता उपाय तीन. आबांचे दृश्य १२ फ्रेम आधीच कापावे. परंतु त्या अर्ध्या सेकंदातच तर ते वर पाहतात. सरळ कट द्यावा. चेहरा पूर्ण मिळेल, पण बाप नाहीसा होऊन तेथे मुलगा उभा राहील. तिसरा असा की, डिझॉल्व्ह मागे सरकवून तो कटवरच संपवावा. मग आबांच्या बाजूने जादा काही लागत नाही. जो जादा भाग लागतो तो सगळा मुलाच्या दृश्याच्या सुरुवातीतून घ्यावयाचा, आणि तेथे तो भरपूर होता. मोबदला एवढाच की, शेवटच्या सेकंदात आबा हालते राहतात, पण विरत जातात.

हा निर्णय आम्ही करावयाचा नव्हता. मुलास कट दाखविला, आणि हा सांधाही दाखविला. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “सर, थांबल्यालं नको. हळूहळू जाऊ द्या. पण हलतंचालतं जाऊ द्या.”

तसेच केले. जाणाऱ्यापाशी पुढे द्यावयास एकही क्षण शिल्लक नसतो. सांधा जुळावा असे वाटत असेल तर मागे राहिलेल्यानेच आपल्यातले काही लवकर पुढे करावे लागते. आमच्या भाच्याने यातून एक सवय उचलली आहे. हल्ली चित्रण करताना माणसाचे बोलणे संपले, काम संपले, तरी तो मनात पाचपर्यंत आकडे मोजतो, आणि मगच बोट उचलून चित्रण थांबवितो.