शकुंतलेचे नवे इंजिन

यवतमाळास जाणारे प्रवासी बहुधा तेथील कापसाची शेते आणि सागाची राने पाहून परततात. आम्ही गेलो ते एका धाकट्या आगगाडीचा मार्ग पाहावयास. मूर्तिजापुराहून कारंजा, दारव्हा या गावांवरून यवतमाळास येणाऱ्या या गाडीस लोकांनी ‘शकुंतला’ असे लाडके नाव दिले होते. आता ती धावत नाही. तथापि तिच्या उत्तरकाळाचा इतिहास आमच्या वाचकांस बोधप्रद वाटेल.

किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थेखाली विसाव्या शतकाच्या आरंभी हा सुमारे 113 किलोमीटरचा मार्ग झाला. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापुरी मुख्य लोहमार्गावर नेऊन मुंबई बंदरास पोहोचवावा, हा त्यातील मुख्य हेतू. तेथून तो मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जाई. आणि या गाडीचे वाफेचे इंजिनही 1921 साली मँचेस्टरलाच घडलेले! दोन रुळांमधील अंतर अवघे अडीच फूट. अरुंद मार्गास माती थोडी, रूळ हलके, वळणेही आखूड चालतात. म्हणून खर्च कमी येतो. परंतु आरंभी वाचविलेला हा पैसा पुढे कसा वसूल होतो, तेच पाहण्यासारखे आहे.

यवतमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे 445 मीटर उंच. हा चढ त्या इंजिनाने सत्तरांहून अधिक वर्षे ओढला. वाफेच्या इंजिनात दट्ट्याचे बळ दांड्यांमार्फत थेट चाकांस मिळते, त्यामुळे उभी गाडी हलविताना त्याचा जोर पूर्ण लागतो. मात्र पाणी तापून वाफ धरण्यास काही तास जातात, आणि कोळसा-पाण्याची तरतूद वाटोवाट ठेवावी लागते. 15 एप्रिल 1994 रोजी त्यास निवृत्ती देऊन डिझेल इंजिन जोडण्यात आले. हे यंत्र लवकर सिद्ध होते. परंतु भार अंगावर घेऊन ते सुरू होऊ शकत नाही. म्हणून यंत्र व चाके यांच्यामध्ये तेलाच्या प्रवाहाने बळ पोहोचविणारी योजना असते.

एवढे झाले, तरी गाडीचा वेग वाढला काय? अचलपूर ते यवतमाळ या सुमारे 190 किलोमीटरांस पुढेही सुमारे वीस तास लागत. याचे कारण समजण्यास शिडाच्या जुन्या गलबताचे उदाहरण घ्यावे. त्यावर मोठे यंत्र बसविले, पण पाण्यातील पंखा त्यास साजेसा निवडला नाही, तर बळ पाणी घुसळण्यातच संपते. आणि पंखा योग्य असला, तरी गलबताची लांबी व घडण यांनी घातलेली वेगाची मर्यादा सहसा ओलांडता येत नाही. आगगाडीत पंख्याचे काम चाक आणि रूळ यांची पकड करते. ती पकड इंजिनाच्या वजनावर अवलंबून. आणि हलक्या रुळांस जड इंजिन सोसत नाही. तेव्हा इंजिन बदलले, मार्ग तोच राहिला, आणि मार्गानेच गाडीस आपल्या चालीने चालविले.

हा प्रश्न केवळ यंत्रशास्त्राचा नव्हे. बसचे भाडे ज्यांस परवडत नसे, अशा शेतमजुरांची ही गाडी होती. स्थानकांवर तिकीटबाबू नसल्याने गार्डच तिकिटे देई. ती थांबली तेव्हा गैरसोय झाली ती त्यांची.

28 फेब्रुवारी 2024 रोजी वर्ध्याहून यवतमाळ जिल्ह्यातील कळंबपर्यंत रुंद मार्गावर गाडी सुरू झाली. ही गोष्ट आनंदाची खरी. परंतु कारंजा-दारव्ह्याच्या जुन्या वाटेचाही विचार व्हावयास हवा, आणि त्या वेळी खर्चाचा पहिला रुपया इंजिनावर न घालता रुळांखालच्या जमिनीवर घालावा, एवढेच आमचे सांगणे आहे.