ओल्या गोणीतले शंभर दाणे

सहाव्या रिंग रोडवरून जहराकडे जाताना अम्गराचे भंगाराचे ढीग आपण सगळ्यांनीच पाहिले असतील. त्या ढिगांच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये मी एकवीस वर्षे लोडर, फोर्कलिफ्ट आणि जनरेटर दुरुस्त करतो आहे. त्यामुळे गावी सगळ्यांचा पक्का समज आहे, की इंजिन असलेली कुठलीही वस्तू घ्यायची तर आधी दादाला फोन लावावा.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास धाकट्याचा फोन आला. "दादा, हार्वेस्टर घ्यावं म्हणतो."

पैसे कुठून, हे त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने तो हिशेब कधी ना कधी वहीच्या मागच्या पानावर मांडलेला असतो: पहिल्या पाच वर्षांसाठी वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, पुढे वर्षाला एक महिन्याचा, आणि सगळे मिळून फार तर दीड वर्षाचा पगार. माझ्या पानावर मुलीचे शिक्षण होते. त्याच्या पानावर हार्वेस्टर.

औसा तालुक्यात आमची अकरा एकर काळी जमीन. खरिपात सोयाबीन, रब्बीत हरभरा, थोडा गहू. एवढ्यासाठी कुणी हार्वेस्टर घेत नाही. स्वतःचे काढून झाले की गावात भाड्याने फिरवायचे, हा विचार. त्याच्यासमोर दोन यंत्रे होती. एक पंजाबचे, जुने, टायरवर चालणारे, चौदा फुटी कटर बारचे, अशोक लेलँडच्या इंजिनाचे. दुसरे नवे, लहान, पट्ट्यावर चालणारे, सात फुटी.

मोठे यंत्र भराभर रान उरकते. पण शिवाररस्त्याला दोन्ही बाजूंनी बाभळी असल्या की पुढचा कटर काढून मागे ओढत न्यावा लागतो, आणि परतीचा पाऊस झाला की काळ्या मातीत टायर रुततात. पट्ट्याचे यंत्र ओलीतही चालते, लहान तुकड्यात नीट वळते. मात्र डांबरी रस्त्यावरून न्यायचे तर ट्रॉलीवर चढवा. मी म्हणालो, "घाई करू नको. या हंगामात दोन्ही भाड्याने लावून बघ."

पहिल्या दिवशी मोठे यंत्र आले. त्याची दुपारचा एक, माझे साडेदहा. व्हिडिओ कॉलवर तो टाकीत पडणारे दाणे दाखवत होता आणि मी ड्रमचा आवाज ऐकत होतो. आवाज फार चढा होता. दाणे जवळून दाखवायला सांगितले, तर निम्म्यांची डाळ झालेली! उन्हाळ्यात गव्हाला लावलेला वेग चालकाने तसाच ठेवला होता. "ड्रम हळू कर म्हणावं, जाळी थोडी सैल कर." चालक कुरकुरला, पण त्याने केले. भावाने पहिल्या रानाचे आणि नंतरचे पोते वेगळे ठेवले. खालच्या ओलसर रानात पट्ट्याचे यंत्र लावले, त्याचे तिसरे पोते.

आणि चौथे आईचे. बांधाकडेचे सोयाबीन तिने नेहमीच्या बायांना घेऊन विळ्याने काढले आणि काठीने हलके झोडपले. "बियाणं मशीनचं नको," एवढेच म्हणाली. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन उगवलेच नाही म्हणून केवढ्या तक्रारी झाल्या होत्या, आपल्याला आठवत असेल. आमच्याही घरी तेव्हा दुबार पेरणी झाली. तेव्हापासून आई विकतच्या पिशवीवर विसंबत नाही. (हार्वेस्टर आले की त्या बायांच्या मजुरीचे काय, हेही तिने मला विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते.)

मे महिन्यात सुट्टीवर गेलो तेव्हा आईने प्रत्येक पोत्यातले शंभर शंभर दाणे ओल्या गोणपाटावर रांगेत मांडले, गुंडाळले आणि सावलीत ठेवले. बियाण्याला शंभरात किमान सत्तर उगवण लागते. आठवड्याने आम्ही तिघे पडवीत मोजायला बसलो. पहिल्या रानाचे एकावन्न. ड्रम हळू केल्यावरचे बहात्तर. पट्ट्याच्या यंत्राचे शहात्तर. आईचे अठ्ठ्याऐंशी. ती काही बोलली नाही, गोणपाट झटकून वाळत घातले.

एकाच यंत्रात एकावन्न आणि बहात्तर! यंत्र बदलून चार दाण्यांचा फरक, आणि ड्रमचा वेग बदलून एकवीस. मग भावाला विचारले, "ऐन हंगामात रात्री बेल्ट तुटला तर?" अम्गरात शेजारच्या गाळ्यातून दहा मिनिटांत बेअरिंग येते. पंजाबची टोळी वेल्डिंगचे सामान बरोबर घेऊन हिंडते. त्याच्याकडे यातले काय होते? आणि सोयाबीनचे जेमतेम तीन आठवडे, पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये गहू-हरभरा. बँकेचा हप्ता मात्र बारा महिने.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "मशीनचं राहू दे दादा. तू कधी येणार, ते सांग. तू असलास तर जुनं बी चालंल."

मी दोन वर्षे मागितली. तोवर त्याने भाड्याच्या पट्ट्यावाल्या यंत्रावर चालकाच्या शेजारी उभे राहून काम शिकायचे, असे ठरले. बायकोला हे मी अजून अर्धेच सांगितले आहे. बाकीचे तिला या अंकातच वाचायला मिळेल.

परवा त्याचा फोन आला. "दादा, आज मी लावलाय वेग. ऐक." मी पोराला ग्राइंडर बंद करायला सांगितला आणि फोन कानाला लावला.

"अजून थोडा हळू," मी म्हणालो.