शंकूची सावली

जयपूरहून परतल्यावर बाईंच्या मनात सम्राट यंत्र रेंगाळलं. 27 मीटर उंच सूर्यघड्याळ, आणि त्याची सावली मिनिटाला सुमारे 6 सेंटीमीटर सरकणारी. डोळ्यांदेखत!

पुण्यातल्या शाळेच्या अंगणात तेवढा दगड कुठला? मग बारा अंगुळं वर राहील अशी काठी रोवली. सूर्यसिद्धान्त या जुन्या खगोलग्रंथातला शंकूही, म्हणजे सावली मोजायची काठीही, तेवढाच. भोवती वर्तुळ. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला टेकलं तिथे एक खूण, दुपारनंतर टेकलं तिथे दुसरी. (मधल्या सुट्टीत पहिली हमखास पुसली जायची.) खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम.

मेच्या मध्याला पुण्यात माध्यान्हीची सावली पायाखाली नाहीशी होते. पण तेव्हा सुट्टी. जुलैअखेरीस पुन्हा होते, तर आभाळ भरलेलं.

यंदाही बाई छत्री घेऊन काठीपाशी उभ्या होत्या.