देव्हाऱ्यावरचा हात

भिलाई म्हटले की पोलाद आठवते. सोव्हिएत संघाच्या साहाय्याने उभारलेल्या तेथील कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन १९५९ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. नोकरीनिमित्त अनेक मराठी कुटुंबे तेथे गेली आणि तेथलीच झाली. अशाच एका कुटुंबात एक सागवानी देव्हारा होता. कारखान्यातील पाळी सांभाळून, सुटीचे दिवस खर्चून, वडिलांनी तो स्वतःच्या हातांनी घडवला होता. वडील गेले, देव्हारा राहिला. पुढे मुलगाही त्याच कारखान्यातून निवृत्त झाला. तोवर देव्हाऱ्याची रया गेली होती. निरांजनाच्या काजळीने आतली बाजू काळवंडली होती आणि एका फळीवर नैवेद्याच्या गरम वाटीचे पांढरे वर्तुळ कायमचे उमटले होते.

जुना थर यंत्राने खरवडून काढावा आणि वर नवे रासायनिक पॉलिश मारावे, असा सल्ला एका दुकानदाराने दिला. मुलाला तो पटला. नव्वदीकडे झुकलेल्या आईने मात्र एवढेच विचारले, "म्हणजे ह्यांचा हात निघून जाईल का रे?"

त्या प्रश्नामुळे काम थांबले आणि एका वृद्ध मिस्त्रींना बोलावणे गेले. त्यांनी स्पिरिटमध्ये भिजवलेली चिंधी देव्हाऱ्याच्या मागच्या कोपऱ्यात क्षणभर टेकवली. पृष्ठभाग चिकट झाला आणि चिंधीवर तांबूस रंग उतरला. "बाबूजी, हे चपड्याचे काम आहे," मिस्त्री म्हणाले. "हे खरवडायचे नसते. पाऊस जाऊ द्या, मग बघू."

चपडा म्हणजे शुद्ध केलेली लाख. इंग्रजीतून आलेले तिचे नाव शेलॅक. ही लाख भिलाईला परकी नाही. झारखंड आणि छत्तीसगड ही राज्ये लाखेच्या उत्पादनात आघाडीवर आहेत आणि कांकेरच्या परिसरात तर पळस, बोर व कुसुम या झाडांवर ती मुद्दाम वाढवली जाते. लाखेच्या कीटकांची पिले जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीची असतात. कीटक असलेल्या काड्या शेतकरी झाडाला बांधतो. त्यांतून निघालेली पिले कोवळ्या फांदीवर ठाण मांडून रस शोषतात आणि स्वतःच्या रक्षणासाठी अंगाभोवती राळ स्रवतात. हीच लाख. तिच्या पिकांची नावेही महिन्यांवरूनच पडली आहेत : कातकी, बैसाखी, अगहनी, जेठवी. फांद्यांवरून खरवडलेली लाख कुटून धुतात, तेव्हा पाणी लाल होते. पूर्वी त्या रंगापासून अळता करीत. कृत्रिम रंग येण्यापूर्वी राळेपेक्षा या रंगालाच अधिक मोल होते, हे आज कोणाला खरे वाटणार नाही. धुतलेले दाणे लांब कापडी पिशवीत भरून विस्तवापुढे वितळवतात आणि पिळून निघालेला रस ताणून त्याचा पातळ पत्रा करतात. त्या पत्र्याचे तुकडे म्हणजे चपडा.

लाकडावरच्या इतर बहुतेक लेपांहून चपड्याचा स्वभाव निराळा आहे. आधुनिक रासायनिक लेप एकदा पक्का झाला की नवा थर त्याच्यावर केवळ बसतो. तो बिघडला तर सगळेच खरवडावे लागते. चपडा वाळल्यानंतरही स्पिरिटमध्ये विरघळतो. त्यामुळे नव्या हातातील स्पिरिट जुना थर किंचित सैल करते आणि दोन्ही एकजीव होतात. अर्थात याच कारणाने तो नाजूकही आहे. मद्य सांडले, सोड्याचे पाणी लागले किंवा गरम भांडे टेकले की तो डागाळतो. जेवणाच्या मेजासाठी तो कोणी निवडू नये. देव्हाऱ्याला मात्र तो शोभतो.

मुलाला धीर निघेना. गणपतीपूर्वी काम व्हावे म्हणून त्याने श्रावणातच हात घातला. देव पाटावर हलवले. स्पिरिट पेट घेते म्हणून निरांजनही दुसऱ्या खोलीत नेले. रात्री पत्र्याच्या एका गंजक्या डब्यात चपडा भिजत घातला. सकाळी पाहतो तो द्रावण काळपट झालेले. लाखेतील आम्लांची लोखंडाशी क्रिया होते, ही गोष्ट जन्मभर पोलादात काम केलेल्या माणसाला तेव्हा कळली! ते फेकून त्याने काचेच्या बरणीत नवे केले, एक लिटर स्पिरिटला सव्वाशे ग्रॅम चपडा या मानाने. पण हवा ओली होती. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतली वाफ त्यावर धरते. दोन हातांतच देव्हारा दुधाळ दिसू लागला. गणपती त्या वर्षी चौरंगावरच बसले.

मार्गशीर्षात मिस्त्री आले. त्यांनी कोणाला बोल लावला नाही. काजळी हलकेच पुसली, मलमलीत कापूस गुंडाळून बोळा केला, तो स्पिरिटने नुसता ओलावला आणि दुधाळ भागावरून फिरवला. पांढरेपणा विरला, वाटीचे वर्तुळही पुसट झाले. मग अगदी पातळ द्रावणाचे हात सुरू झाले. बोळ्यावर जवसाच्या तेलाचा एखादा थेंब, आणि बोळा लाकडावर असताना कधीही थांबवायचा नाही, कारण थांबला की चिकटतो आणि खालचा थर उचलून आणतो. एका दिवसात दोन-तीन हात, मग विश्रांती. आठव्या दिवशी सागाच्या रेषा पुन्हा वर आल्या.

वडिलांच्या थरात मुलाचा श्रावणातला फसलेला थर आणि मिस्त्रींचा थर असे सगळे आता मिसळले होते. त्यातला कोणता कोणाचा, हे सांगणे अशक्य होते. मुलाने ते आईला सांगितलेही. आईने फळीवरून बोटे फिरवली, वास घेतला आणि म्हणाली, "तेव्हाही घरात आठ दिवस असाच वास होता." मग देव उचलून आत ठेवायला तिने सुनेला हाक मारली.

उरलेले द्रावण मिस्त्रींनी बाटलीत भरून वर तारीख लिहिली. जुने झालेले द्रावण नीट वाळत नाही, म्हणून सहा महिन्यांनी ते टाकून द्यावे, असे सांगून ते गेले.