पेटीतल्या चार फ्लॉप्या

मी इयत्ता चौथीत शिकते. आमचे गाव अमळनेर तालुक्यात आहे. माझ्या आजीला आम्ही सगळे मोठी माय म्हणतो. मोठी मायला कानबाईची खूप गाणी येतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, तेव्हा गल्लीतल्या सगळ्या बाया आमच्याकडे येतात. पण एका गाण्यात मोठी माय दरवर्षी अडकते. तीन कडवी म्हणते आणि गप्प होते. मग म्हणते, पुढचं माझ्या सासूलाच येत होतं.

मोठी मायची सासू म्हणजे माझी पणजी. ती २००५ साली वारली. मी तिला पाहिलेले नाही. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. २००२ साली माझी आत्या धुळ्याला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. तिने पणजीजवळ बसून गाणी वहीत उतरवली आणि क्लासमध्ये मराठीत टाईप करून चार फ्लॉप्यांत ठेवली. पुढे वही वाळवीने खाल्ली. आत्या लग्न होऊन सुरतला गेली. मागे राहिल्या फक्त चार फ्लॉप्या. त्या मोठी मायच्या पत्र्याच्या पेटीत होत्या. त्यांच्यावर १, २, ३, ४ असे नंबर होते.

फ्लॉपी पुष्कळ मुलांनी पाहिली नसेल. ती चौकोनी असते, तळहातावर मावते. तिला एक सरकणारा पत्रा असतो. आत पातळ गोल चकती असते. त्या चकतीवर लोहचुंबकाच्या शक्तीने अक्षरे साठवतात. एका फ्लॉपीत १.४४ एमबी मावते. आपल्या मोबाईलचा एक फोटोसुद्धा बहुतेक वेळा तिच्यात मावणार नाही. जपानच्या सोनी कंपनीने २०११ साली फ्लॉपी विकणे बंद केले. आमच्या शाळेच्या कॉम्प्युटरला फ्लॉपी घालायला जागाच नाही.

आता मी एक गोष्ट सांगते. ती मी बरेच दिवस कोणालाच सांगितली नव्हती. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत मला मोडक्या रेडिओतले लोहचुंबक सापडले. मी सगळ्यांना ते लावून बघत होते. खिळ्यांना, डब्यांना, कडीला. दुपारी मोठी माय झोपली होती. मी पेटी उघडली आणि ३ नंबरच्या फ्लॉपीला चुंबक लावले. ते चटकन चिकटले. मला गंमत वाटली. मी ती फ्लॉपी चुंबकाला टांगून पुष्कळ वेळ झोके दिले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत धुळ्याचे मामा आले. ते कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांनी त्यांच्या कॉम्प्युटरला वायरीने जोडायचा फ्लॉपीचा डबा आणला होता. मामांनी आधी प्रत्येक फ्लॉपीच्या कोपऱ्यातली बारीक पट्टी सरकवून भोक उघडे केले. भोक उघडे असले म्हणजे फ्लॉपीवर नवीन काही लिहिले जात नाही, जुने तसेच राहते. मग ते म्हणाले, "पोरी, फ्लॉपीला लोहचुंबकापासून फार जपावं लागतं. सगळं पुसलं जातं." माझ्या पोटात गोळा आला. मी काही बोलले नाही.

१ नंबर लगेच चालली. २ नंबर घर्र घर्र करत होती. मामांनी तिला चार वेळा लावले, तेव्हा अर्धी गाणी मिळाली. ३ नंबर लावल्यावर कॉम्प्युटरने विचारले, फॉरमॅट करू का? मामा म्हणाले, "इथे कधी हो म्हणायचं नाही. हो म्हटलं की उरलंसुरलं पण गेलं." त्यांनी खूप प्रयत्न केला. ३ नंबर उघडलीच नाही. ४ नंबर चांगली निघाली.

पण गाणी उघडली तर मराठी दिसेचना! नुसती इंग्रजी अक्षरे आणि वाकडीतिकडी चिन्हे. मोठी मायने विचारले, "हाई काय शे?" मामांनी समजावून सांगितले. पूर्वी मराठी फॉन्ट निरनिराळे होते, श्रीलिपी, आकृती, आयएसएम असे. ते इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरे दाखवायचे. तोच फॉन्ट नसला तर मराठी दिसत नाही. आता युनिकोड आहे. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर आहे. आपल्या 'क' चा नंबर २३२५ आहे. तो सगळ्या जगात तोच.

सुरतला आत्याला फोन केला. तिने फॉन्टचे नाव सांगितले. मामांनी तो घातला आणि पडद्यावर गाणी आली. मी मोठ्याने वाचली. एकवीस गाणी निघाली. त्यातली सहा मोठी माय पार विसरली होती. एका ठिकाणी ती म्हणाली, "आठे चुकनं." आत्याने टाईप करताना शब्द चुकवला होता! मामांनी तो दुरुस्त केला आणि सगळी गाणी युनिकोडमध्ये केली.

पण अडलेले गाणे त्यात नव्हते. ते ३ नंबरमध्ये असणार. मला रडू आले. मी मोठी मायला चुंबकाचे सगळे सांगितले. मामा म्हणाले, इतक्या वर्षांत दमटपणाने आणि बुरशीनेही फ्लॉपी जाते, कशाने गेली ते कोणी सांगू शकत नाही. आईने ती केरात टाकायला घेतली. मोठी मायने तिच्या हातातून घेतली आणि परत पेटीत ठेवली. मला ती रागावली नाही. म्हणाली, आता तू लिही.

गुरुजींना मी हे सांगितले. ते म्हणाले, आपल्या जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांनाही लिहिता येत नव्हते. त्यांची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, वहीत लिहून ठेवली. बहिणाबाई १९५१ साली वारल्या. १९५२ साली त्या गाण्यांचे पुस्तक निघाले. वही जपली म्हणून गाणी राहिली.

आता मी रोज संध्याकाळी मोठी मायजवळ बसते. ती म्हणते आणि मी लिहिते. चौदा गाणी झाली. यंदा कानबाईला मी पुढे बसून वहीतून म्हटली. अडलेले गाणे तीन कडव्यांपर्यंतच म्हटले.

बालमित्रांनो आणि पालकांनो, तुमच्या घरी जुनी फ्लॉपी असली तर ती फेकू नका, आणि तिला चुंबक लावू नका. आणि तुमच्या आजीला कानबाईचे ते गाणे पूर्ण येत असेल तर कृपा करून मला सांगा. मी वही घेऊन येईन.

— इयत्ता चौथीतील एक विद्यार्थिनी