शून्याच्या रकान्यात काय असतं?

तुमच्या घरी महिन्याचा हिशेब कोण ठेवतं? वहीत, फोनमधल्या शीटवर, की नुसता डोक्यात? कुठेही ठेवत असाल, तरी एक गोष्ट कधी तपासली आहे का? ते आकडे तुम्ही रुपयांत बघता की हजारांत? शून्याच्या ओळी दिसू देता की लपवता? तुलना मागच्या महिन्याशी करता की मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी?

"त्याने काय फरक पडतो, आकडा तो आकडा," असं तुम्ही म्हणाल. फरक पडतो. कधीकधी त्यावर पाच-सहा घरांची चूल अवलंबून असते. कसं, ते सांगते.

मी मूळची सोलापूरची. लग्नानंतर चेन्नईत आले, त्याला आता अकरा वर्षं झाली. पाण्याचे पंप विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीच्या नियोजन विभागात मी काम करते. मुख्य कचेरी उत्तरेत आहे, दक्षिणेतल्या शाखांचं बजेट मात्र आमच्या टेबलावर तयार होतं.

"चेन्नईत मराठी माणूस, तोही हिशेबाच्या कामात?" असं नातेवाईक अजून विचारतात. त्यांना मी तंजावरची आठवण करून देते. तिथल्या मराठा राजवटीचे मोडी लिपीतले कागद सरस्वती महाल ग्रंथालयात आजही जपलेले आहेत. आणि १८२८ मध्ये कुंभकोणमला जन्मलेले, मद्रासमध्ये शिकलेले सर टी. माधवराव तर त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांचे दिवाण झाले. त्रावणकोरची तिजोरी त्यांनी सावरली. तेव्हा या मुलखात मराठी माणसाने आकडे सांभाळण्याची रीत जुनीच आहे. आमच्या हाती फक्त वहीच्या जागी एक्सेल आलं.

हे ॲड-इन म्हणजे काय?

एक्सेल तुम्हाला माहीत आहे. संगणकावरचा असा पहिला लोकप्रिय तक्ता होता व्हिसिकॅल्क. डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी तो १९७९ मध्ये आणला. एक्सेल आलं १९८५ मध्ये. पण मोठ्या कंपनीचे सगळे आकडे एका फाइलीत मावत नाहीत. ते सर्व्हरवर असतात. ते सर्व्हरवरून एक्सेलमध्ये आणून दाखवायला आणि तिथूनच परत पाठवायला एक जोड असते, तिला ॲड-इन म्हणतात. एक्सेलच्या वरच्या पट्टीत एक जादा टॅब येतो, एवढंच आपल्याला दिसतं. सॅपचं ईपीएम ॲड-इन हे त्यातलं एक नाव. अशी आणखीही आहेत.

सर्व्हरवरचा प्रत्येक आकडा काही प्रश्नांची उत्तरं देत असतो. कुठल्या खात्याचा? कुठल्या शाखेचा? कुठल्या महिन्याचा? प्रत्यक्षातला, बजेटमधला की अंदाजातला? ॲड-इनमध्ये आपण ठरवतो की शाखा ओळींत येतील की स्तंभांत, महिने कुठे येतील, आणि वरच्या पट्टीत कुठली निवड कायम राहील. मग "रीफ्रेश" दाबलं की तक्ता भरतो.

याच्या पुढे असते सेटिंगची खिडकी, आणि तिथे फार कमी लोक जातात. रक्कम किती मोठ्या मापात दाखवायची, दशांश किती, रिकाम्या आणि शून्याच्या ओळी काढून टाकायच्या का, उणे आकडे लाल करायचे का, बेरीज वर की खाली, फाइल उघडताच आकडे ताजे करायचे का. सर्व्हरवरचा आकडा यातल्या कशानेही बदलत नाही. बदलतं ते बघणाऱ्याचं मत.

कडलूरची ओळ

गेल्या वर्षीच्या बजेटच्या आधी दक्षिण विभागाच्या रिपोर्टचं काम माझ्याकडे आलं. रिपोर्टची मांडणी आधीच ठरलेली होती. सगळ्या रकमा कोटींत, एक दशांश, उणे आकडा लाल. मोठ्या शाखांसाठी ते सोयीचंच होतं. चेन्नई, कोइंबतूर, मदुराई यांचे आकडे कोटींतच बोलतात.

आमची कडलूरला एक छोटी शाखा आहे. चेन्नईच्या दक्षिणेला, समुद्रकाठी. सहा माणसं, एक दुकान, मागे दुरुस्तीची खोली. रिपोर्टमध्ये तिच्या नफ्याच्या ओळीत आठ महिने ०.० होते आणि चार महिने लाल रंगात उणे ०.१. वर्षाची बेरीज ०.०. मुख्य कचेरीने बंद करायच्या शाखांची यादी काढली, त्यात कडलूर होतं. त्यांच्या टिपणात एकच वाक्य होतं: कमाई नाही, तोटा मात्र दिसतो.

दुसऱ्या दिवशी तिथल्या शाखाप्रमुखांचा फोन आला. पन्नाशीचे गृहस्थ, शांत बोलणारे. म्हणाले, "मॅडम, आमचं नाव यादीत आहे असं ऐकलं. तुम्ही बंद करा म्हणालात तर करू. पण आम्ही वर्ष तोट्यात काढलेलं नाही. माझ्या वहीत तसं नाही."

त्यांची वही आणि आमचा सर्व्हर, दोन्हीकडे आकडे एकच असायला हवे होते. मी मांडणीची एक प्रत काढली आणि माप कोटींऐवजी लाखांवर आणलं. रीफ्रेश दाबलं. तक्ता भरला आणि गोष्ट उलगडली.

आता तुम्हीही माझ्याबरोबर हिशेब करा. आठ महिने दर महिन्याला सुमारे ४ लाखांचा नफा, म्हणजे ३२ लाख. चार महिने दर महिन्याला ७ लाखांचा तोटा, म्हणजे २८ लाख. वर्षाअखेर ४ लाख शिल्लक. शाखा नफ्यात.

मग कोटींत काय दिसलं? ४ लाख म्हणजे ०.०४ कोटी. एक दशांश ठेवला की ते ०.० होतं. ७ लाख म्हणजे ०.०७ कोटी, ते मात्र ०.१ होतं. म्हणजे नफ्याचे आठही महिने खाली घसरून शून्य झाले, तोट्याचे चारही महिने वर चढून जास्त मोठे झाले, आणि वर लाल रंगाने उठून दिसले. कुणी काही खोटं केलं नव्हतं. शाखा लहान होती आणि माप मोठं होतं.

पाऊस कुठल्या महिन्यात पडतो?

दुसरा प्रश्न उरला. ते चार तोट्याचे महिने कुठले? ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर आणि जानेवारी.

महाराष्ट्रातल्या किंवा उत्तरेतल्या माणसाला हे खटकतं. पावसाळा संपला, दिवाळी आली, हे तर विक्रीचे महिने! पण आमचा पाऊस वेगळा आहे. या किनाऱ्यावर वर्षाच्या पावसाचा मोठा वाटा ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये, ईशान्य मोसमी वाऱ्यांबरोबर येतो. डिसेंबर २०१५ चा चेन्नईचा पूर तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळानेही शहर पाण्यात गेलं. या दिवसांत कडलूरच्या शेतांत पाणी उभं असतं. पंप चालवायचाच नसेल तर तो विकत कोण घेणार, आणि दुरुस्तीला तरी कोण आणणार? रान वाळलं की फेब्रुवारीपासून गिऱ्हाईक परत येतं.

रिपोर्टमध्ये तुलना मात्र मागच्या तिमाहीशी होती. तशी तुलना केली की दर वर्षी डिसेंबरात कडलूर "कोसळतं". म्हणून मी तुलनेचा स्तंभ बदलला. या वर्षीचा नोव्हेंबर आणि मागच्या वर्षीचा नोव्हेंबर शेजारी ठेवले, आणि एप्रिलपासूनची चढती बेरीज वेगळी दाखवली. तिथेही दिवाळीचं भान ठेवावं लागतं. २०२३ मध्ये दिवाळी नोव्हेंबरात होती, २०२४ मध्ये ती ऑक्टोबरच्या अखेरीस आली. महिन्याला महिना जुळवला तर सणाची विक्री निसटते. म्हणून ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची एकत्र बेरीजही ठेवली.

शून्याच्या ओळी लपवायची सेटिंगही मी काढली. तेव्हा कडलूरच्या खर्चात एक रिकामी ओळ वर आली: जाहिरात. बजेटमध्येही शून्य, प्रत्यक्षातही शून्य. शून्य असल्यामुळे ती कुणाला दिसलीच नव्हती, आणि दिसली नाही म्हणून कुणी विचारलंही नव्हतं की या शाखेवर आपण काही खर्च केला तरी का?

बैठकीत मी दोन पानं ठेवली. एकावर जुनी मांडणी, दुसऱ्यावर नवी. दोन्हींच्या वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: आकडे तेच आहेत. आमच्या साहेबांनी दोन्ही पानं बराच वेळ बघितली आणि विचारलं, "मग आपण इतकी वर्षं लहान शाखा कोटींत का बघतोय?" त्यावर कुणाकडेच उत्तर नव्हतं.

सगळं गोड झालं असं सांगणार नाही. ४ लाखांचा नफा म्हणजे काही मोठी गोष्ट नाही, आणि तसं मीही म्हटलं नाही. शाखा आणखी एक वर्ष चालवायची, पावसाच्या चार महिन्यांत दोघांना पुदुच्चेरीच्या कामावर पाठवायचं, आणि मग परत बघायचं, असं ठरलं. त्या दोघांना रोजचा प्रवास वाढला. पण सहाही जणांची नोकरी राहिली. यंदा परत बघताना तरी सगळे खरे आकडे समोर ठेवून बघतील.

आता तुमच्या घरचं शीट

"आमची काही कंपनी नाही," असं म्हणू नका. हाच प्रकार घरातही चालतो. माझ्या सासूबाई इमारतीतल्या बायकांना साडीला फॉल-पिको करून देतात. महिन्याला साधारण ४०० रुपये. माझ्या नवऱ्याने घरचं शीट हजारांत मांडलं होतं. त्यात आईच्या कमाईच्या ओळीत बाराही महिने ० यायचा. मी ते रुपयांत केलं, आणि वर्षाचे ४,८०० दिसले. सासूबाईंनी चष्मा लावून ती ओळ वाचली आणि म्हणाल्या, "अगंबाई, एका महिन्याचं दूध माझ्याच पैशांचं की!" तेव्हापासून त्या आकडा स्वतः सांगतात आणि नातू तो भरतो.

तुम्हीही या गोष्टी तपासून बघा:

माप: एक्सेलमध्ये रक्कम लहान करून दाखवायची सोय हजाराच्या पटीत आहे, लाख-कोटीच्या नाही. लाखांत हवं असेल तर वेगळ्या स्तंभात १,००,००० ने भागा आणि मूळ आकडा शेजारी राहू द्या. सगळ्यात लहान ओळ शून्य होणार नाही, असं माप निवडा.

शून्य: शून्याच्या ओळी लपवण्याआधी एकदा सगळ्या उघडून वाचा. ०.० दिसलं तर त्या चौकोनावर क्लिक करा. मापासाठी नुसतं फॉरमॅट वापरलं असेल, तर वरच्या पट्टीत खरा आकडा दिसतो.

तुलना: विजेचं बिल एप्रिलचं मार्चशी जोडू नका, मागच्या एप्रिलशी जोडा. शाळेची फी, विम्याचा हप्ता, दिवाळी, गणपती, हे सगळं वर्षातून ठरावीक वेळी येतं.

रंग: उणे म्हणजे लाल, हा नियम आंधळेपणाने लावू नका. उत्पन्न ठरवल्यापेक्षा जास्त आलं तर चांगलं, खर्च जास्त झाला तर वाईट. फरक काढताना दोन्हींचा रंग उलटा हवा.

ताजेपणा: शीटच्या वरच्या कोपऱ्यात "कुठल्या तारखेपर्यंतचे आकडे" ते लिहा. शिळ्या आकड्यावर घरात निष्कारण भांडणं होतात.

आणि शेवटचं. आकडा ज्याचा आहे, त्याला तो एकदा दाखवा. कडलूरच्या शाखाप्रमुखांना मी नवी मांडणी पाठवली, तेव्हा त्यांनी तासाभरात उत्तर दिलं. आभार वगैरे नव्हते. त्यांनी कळवलं होतं की मे महिन्यातली दुरुस्तीची एक रक्कम पुदुच्चेरीच्या नावावर चुकून पडली आहे, ती ३८ हजारांची आहे, आणि पावतीचा फोटो सोबत जोडला आहे.