कोणालाच न येणारा खेळ

दीड वर्षापूर्वी सासूबाई बार्शीहून कायमच्या आमच्याकडे पुण्याला राहायला आल्या. घरात पाच माणसं झाली, पण जेवणाच्या टेबलावर पाच जण एका वेळी क्वचितच दिसत. मुलगी आठवीत, तिचा क्लास. नवऱ्याची उशिरापर्यंतची कामं. आईंना, म्हणजे सासूबाईंना, सातलाच भूक लागते. तेव्हा मीच एक गोष्ट ठरवली. महिन्यातला एक रविवार सगळ्यांचा, आणि त्या दिवशी घरातल्या निदान एकाने तरी कधी न केलेलं काहीतरी करायचं. खाणं असो, पेय असो, खेळ असो, नाहीतर एखादं गाव. अट एकच, एक घास किंवा एक घोट प्रत्येकाने घ्यायचा. आवडला नाही तर पुढे आग्रह नाही.

ही अट पहिल्याच महिन्यात कामी आली. भल्या पहाटे नीरा प्यायला गेलो होतो. नीरा उन्हं चढायच्या आत आणि गारच प्यायची, नाहीतर ती आंबायला लागते, म्हणून पोरांना साडेपाचला उठवलं होतं. मुलीने दोन पेले संपवले. तिच्या धाकट्या भावाने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि पेला माझ्या हातात दिला. त्याला कोणी काही बोललं नाही. एरवी मी नक्की बोलले असते.

पौषात बार्शीकडे नात्यातल्यांच्या शेतावर हुरड्याला गेलो. मुलांना हुरडा माहीत होता तो पाकिटातला. इथे जमिनीत उथळ खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवली होती आणि ज्वारीची कोवळी कणसं आरात खुपसलेली होती. आईंनी एक कणीस ओढून काढलं, राख झटकली आणि दोन्ही तळव्यांत धरून चोळायला लागल्या. चटका बसत असणार, पण हात थांबेनात. मग ओंजळ तिरकी करून त्यांनी हलकीशी फुंकर मारली, कोंडा उडून गेला आणि तळहातावर हिरवे, वाफाळते दाणे उरले. ते त्यांनी थेट धाकट्याच्या तोंडात घातले. ‘ही गूळभेंडी,’ त्या म्हणाल्या, ‘ही चोळली की सुटते. सुरती वेगळी.’ लसणाची चटणी, शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ, सगळं मांडलेलं होतं, पण पोरं नुसते दाणेच खात होती. वरून पाणी प्यायचं नाही, ताक प्यायचं, हेही आजीनेच सांगितलं. पुण्यात त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून असतात. त्या दिवशी शेतावर सगळे त्यांना विचारून हात घालत होते.

परतीच्या गाडीत मुलगी म्हणाली, ‘आजीला सगळं येतं, आपल्याला काहीच नाही. एकदा असं काहीतरी करू, जे कोणालाच येत नाही.’ मला ते पटलं.

म्हणून मे महिन्यात सावंतवाडीला गेलो. न्याहारीला एका घरगुती खानावळीत खापरोळी खाल्ली. जाड, जाळीदार, नारळाच्या दुधात आणि गुळात बुडवलेली. ती पाचही जणांना आवडली, असं आमच्याकडे फार कमी वेळा होतं. मग राजवाड्यात गेलो. तिथे गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, हाताने रंगवणारे कारागीर बसलेले असतात. ही कला मागे पडली होती, तेव्हा इथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. आम्ही गेलो तेव्हा एक ताई रुपयाच्या नाण्यापेक्षा थोड्या मोठ्या गोल पानावर बारीक कुंचल्याने मासा काढत होत्या. कल्ला काढताना त्यांनी श्वास रोखून धरला होता. धाकट्यानेही धरला.

दशावतारी गंजिफात १२० पानं असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानं. खेळणारे तिघे. ताईंनी नियम एका कागदावर लिहून दिले आणि आम्ही त्यांच्याकडचा सर्वांत साधा संच घेतला.

मुक्कामी आलो आणि पंचाईत झाली. गोल पानं पिसता येईनात, म्हणून चादरीवर पालथी पसरून मिसळली. प्रत्येकाला चाळीस पानं. चाळीस गोल पानं धाकट्याच्या हातात मावेनात, म्हणून आजी आणि तो एक जोडी झाले. अर्धी तिने धरली, अर्धी त्याने. मुलगी एकटी, आम्ही नवराबायको एकत्र. निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि निम्म्या रंगांत एक्का मोठा, हे कोणाच्या डोक्यात राहीना. मेंढीकोटात आईंना आजवर घरात कोणी हरवलेलं नाही, पण इथे त्याही आमच्यासारख्याच चाचपडत होत्या. तिसरीतला नातू त्यांना सांगत होता, ‘आजी, थांब, ह्या रंगात उलटं असतं.’ आणि त्या थांबत होत्या, पान परत घेत होत्या, त्याचं ऐकत होत्या. वर्षभरात आमच्या घरात मी हे पहिल्यांदा पाहिलं.

दिवसा खेळलं तर ज्याच्याकडे रामाचा राजा त्याने सुरुवात करायची, रात्री कृष्णाचा. पहिला डाव संपेपर्यंत बाहेर अंधार झाला होता. दुसरा डाव वाटला तेव्हा धाकट्याने खिडकीकडे पाहिलं आणि कृष्ण शोधायला लागला. कृष्ण त्याच्याच हातात होता.

सावंतवाडीला जाणं झालं तर हा संच जरूर आणा. घरात पाच-सहा जण असतील तर जोड्या करा, आणि एक जोडी आजी आणि सर्वांत लहान नातवंडाची ठेवा.